तेलकटाच्या नावाने

माझ्या सासऱ्यांना गल्लीत मिस्त्री म्हणतात, घरात मी बाबा म्हणते, आणि सासूबाई गेली बेचाळीस वर्षं नुसत्या ‘अहो’वर भागवतात. चौथं नाव तेलकट, ते त्यांनी स्वतःच घेतलं. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांची एक वेबसाइट होती. एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी तिथे खातं उघडलं. नाव काय ठेवायचं असं साइटने विचारलं, तेव्हा त्यांच्या हाताला मशीनचं तेल होतं आणि कीबोर्डवर बोटं उमटली होती, म्हणून तेलकट. बाबांचा सगळा कारभार असाच रोखठोक.

खाली दुकान, वर घर. दुकान एवढंसं, त्यात अकरा-बारा मशीनं मान टाकून उभी असतात, प्रत्येकाच्या चाकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला जुना कॉम्प्युटर. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की बाबा ते कापड काढायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि दोन बोटांनी टाइप करत बसायचे. कुठल्या कुठल्या देशांतले मिस्त्री विचारायचे, पट्टा घसरतो, चाक जड जातं, बॉबिन अडकते, आणि तेलकट उत्तर द्यायचा. एकोणीस वर्षांत पाच हजार दोनशे उत्तरं झाली. घरात मात्र त्यांना कोणी काही विचारत नाही. माझा नवरा तर घरचा पंखा बिघडला तरी बाहेरून माणूस बोलावतो. बापलेकांचं काय आहे ते मला लग्नाला आठ वर्षं होऊनही कळलेलं नाही आणि मी आता नाद सोडला आहे.

गेली दोन वर्षं बाबा विसरायला लागले आहेत. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलंय, ते आम्ही घरात उच्चारत नाही. मशीन उघडतात, स्क्रू काढून वाटीत ठेवतात, आणि मग पेचकस हातात धरून तसेच उभे राहतात. पुढे काय करायचं ते हाताला आठवत नाही. मग ते कॉम्प्युटरपाशी जातात, बिघाड टाइप करतात, आणि तेलकटाचं दहा-बारा वर्षांपूर्वीचं उत्तर समोर येतं. ते वाचतात, परत येतात आणि मशीन चालू करून देतात. गिऱ्हाइकाला काही कळत नाही. सुरुवातीला स्वतःच हसायचे. म्हणायचे, बरं झालं मी तेव्हा एवढा बडबड्या होतो.

म्हणजे ते दुकान आता त्या साइटवर चाललं होतं. एक दिवस साइटवर सूचना आली की आम्ही नऊ दिवसांनी कायमचे बंद होत आहोत, सर्वांचे आभार. बाबांनी ती वाचली आणि कापड परत कॉम्प्युटरवर टाकलं, जणू झाकलं की सूचनाही जाईल. सासूबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “दुकान बंद पडलं की हे घरात बसतील. आणि हा माणूस एकदा बसला की संपला. तू कॉम्प्युटरची आहेस ना, मग काढ काहीतरी वाट.”

मी कॉम्प्युटरची आहे म्हणजे घरात बसून एका कंपनीच्या वेबसाइटवर खुर्च्यांचे फोटो चढवते. पण वाट मला माहीत होती. एखाद्या साइटवरची पानं एकामागून एक उतरवून घेणारी टूल्स मिळतात. अडचण एकच होती. जुनी उत्तरं फक्त लॉगिन केलेल्या सभासदालाच दिसायची, नवे सभासद घेणं साइटने थांबवलं होतं, आणि टूल काही सभासद नव्हतं. त्याला बाबांची कुकी द्यायला लागणार होती.

कुकी म्हणजे काय ते बाबांना समजावून सांगितल्याशिवाय ते हात लावू देणार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही एकदा नाव आणि पासवर्ड सांगितलात की साइट तुमच्या ब्राउझरकडे एक पावती देते. पुढच्या वेळी ब्राउझर नुसती ती पावती दाखवतो, साइट म्हणते या आत. आपण ती पावती एका फाइलमध्ये उतरवून टूलच्या हातात द्यायची. मग साइटला वाटेल तुम्हीच आलात.

बाबांना हे अजिबात पसंत पडलं नाही. नुसत्या पावतीवर आत घेतात? म्हणाले, माझ्याकडे कोणी पावती घेऊन आलं तरी मी माणूस बघितल्याशिवाय मशीन देत नाही. असा धंदा केला असता तर केव्हाच भिकेला लागलो असतो. ही साइट बंद पडतेय त्यात नवल ते काय. मग त्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. टूलने गेल्या गेल्या नमस्कार करायचा. कोणाच्या उत्तरात नाक खुपसायचं नाही. आणि सावकाश जायचं. “माझ्या नावाने जातंय ते,” म्हणाले, “धावत सुटलं तर लोक म्हणतील तेलकटाला झालंय काय.”

मी मान डोलावली. नमस्काराचं तर सोडाच, टूलमध्ये दोन पानांच्या मधे थांबण्याची सोय होती, तीही मी काढून टाकली, कारण त्याच कॉम्प्युटरवर मला उद्या संध्याकाळपर्यंत दीडशे खुर्च्या चढवायच्या होत्या. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्यासाठी आधी शहाणं असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या खोलीत टूल सुरू केलं. उतरलेल्या फायलींचा आकडा भराभर वाढत होता, मला भारी वाटत होतं. खाली बाबा चहा पीत कॉम्प्युटरसमोर बसले होते. तेवढ्यात त्यांच्या स्क्रीनवर चौकट आली. तुमच्या खात्यातून गेल्या अर्ध्या तासात पाचशे पानं उघडली गेली आहेत, एरवी तुम्ही दिवसाला नऊ उघडता. हे तुम्हीच करत आहात का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

बाबांनी ‘नाही’ दाबलं.

साइटने त्यांच्या सावधपणाबद्दल आभार मानले, टूलला बाहेर काढलं, बाबांना बाहेर काढलं आणि खात्याला कुलूप ठोकलं. टूल बिचारं आज्ञाधारक, त्याला कोण सांगणार, ते उतरवतच राहिलं. मी जेवायच्या आधी जाऊन बघितलं तेव्हा त्याने आणखी अडीच हजार फायली रचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीत एकच ओळ होती: कृपया आधी लॉगिन करा.

मी खाली गेले ती तणतणतच. बाबांना विचारलं, नाही कसं काय म्हणालात? ते शांतपणे म्हणाले, मी करत नव्हतो ना, मी चहा पीत होतो. सासूबाई कधी नव्हे ते त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, मग काय त्यांनी खोटं बोलायचं होतं? आपलेच दात आपलेच ओठ. मी वर गेले आणि साइटच्या चालकांना लांबलचक पत्र लिहिलं. एका मिनिटात उत्तर आलं. आपला निरोप मिळाला, आम्ही बंद होण्याच्या गडबडीत असल्यामुळे तीस दिवसांत संपर्क करू. साइट आठ दिवसांत बंद होणार होती.

पासवर्ड बदलून घ्यायचा तर त्याचा ईमेल जाणार होता बाबांच्या जुन्या पत्त्यावर, आणि तो पत्ता देणारी कंपनी दहा वर्षांपूर्वीच गाशा गुंडाळून गेली होती. राहिला एकच रस्ता, बाबा हे बाबाच आहेत हे साइटला पटवून द्यायचं.

पहिली पायरी म्हणजे, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. सगळीकडे असतं तसंच, नऊ चित्रं, त्यातली सांगितलेली निवडायची. मिस्त्रींची साइट, तेव्हा इथे सिग्नल नि मोटारी कशाला असतील? ‘शिलाई मशीन असलेली चित्रं निवडा.’ मला हायसं वाटलं. ह्या कामाला ह्यांच्याहून लायक माणूस कुठे सापडणार?

बाबांनी चष्मा पुसला आणि काम हातात घेतलं. पहिलं चित्र, हो. दुसरं नाही, ते ओव्हरलॉक आहे, ते कडा बांधतं, त्याला शिलाई मशीन म्हणणाऱ्याला दुकानात उभं करू नये. चौथ्यातल्या मशीनचा शटलच काढलेला होता, बाबा म्हणाले, ह्यात आता काही राहिलेलं नाही, हा नुसता सांगाडा. सहाव्यात कोणीतरी मशीनवर फुलदाणी ठेवली होती, त्या चित्राकडे त्यांनी नुसतं बघितलं आणि पुढे गेले. साइटने तपासलं आणि सांगितलं की तुम्ही माणूस असल्याची खात्री पटत नाही.

दिवसाला पाच संधी मिळायच्या. तीन दिवस आम्ही त्या नऊ चित्रांशी झुंजत होतो. मी म्हणायचे, बाबा, दिसतंय ना मशीन, मग दाबा. ते म्हणायचे, दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. मी माऊस मागितला तर म्हणाले, तपासणी माझी आहे, कॉपी नको. चौथ्या दिवशी सकाळी दुकानात एक शिंपीणबाई मशीन घेऊन आली, आणि बाबा तिच्याशी बोलायला उठले त्या दीड मिनिटात मी बसून, डोकं बाजूला ठेवून, दिसेल ते मशीन दाबून मोकळी झाले. साइटने लगेच मला माणूस म्हणून पास केलं. ह्याचा आनंद मानायचा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्या शिंपीणबाईचं मशीन बाबांनी उघडलं आणि उघडून ठेवलं. सवयीने कॉम्प्युटरकडे गेले, तिथे कुलूप. परत आले. वाटीतला स्क्रू उचलून पाहिला, परत ठेवला. मग तिला म्हणाले, भाग मागवावा लागेल, पुढच्या आठवड्यात या. कुठलाच भाग मागवायचा नव्हता. मी शेजारीच उभी होते आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की वर जाऊन मी त्या अडीच हजार फायली पुसून टाकल्या. त्याने काही होणार नव्हतं, पण त्या दिसायला नको होत्या.

दुसरी पायरी तीन प्रश्नांची. खातं उघडताना बाबांनीच त्यांची उत्तरं लिहून दिली होती: तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव, लहानपणी घरात तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारत, तुमचा आवडता रंग. तीनदा चुकलात तर खातं कायमचं गेलं.

गंमत अशी की बाबांना हे सगळं लख्ख आठवत होतं. काल काय जेवलो ते सांगता येत नाही, पण पहिल्या गुरुजींचं नाव, त्यांच्या सायकलचं नाव, त्यांनी मारलेल्या छड्यांची संख्या, सगळं पाठ. आम्ही खरी उत्तरं लिहिली. चूक. मग बाबा म्हणाले, गुरुजी त्या वर्षी आजारी होते, बदली म्हणून त्यांचे मेहुणे शिकवत. मेहुण्यांचं नाव लिहिलं, रंग निळ्याचा हिरवा केला. चूक. आता एकच संधी उरली होती आणि साइट बंद व्हायला चार दिवस. कोणी कीबोर्डला हात लावेना. मी नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, संध्याकाळी बघू. त्याचं ‘संध्याकाळी बघू’ मी ओळखून आहे.

सासूबाई दुकानाच्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, प्रश्न काय काय होते ते मला नीट सांग. मी सांगितले. म्हणाल्या, कोणी विचारले होते? मी म्हटलं, साइटने. त्यांनी मटाराची शेंग खाली ठेवली.

“म्हणजे ओळख ना पाळख, पहिल्याच भेटीत गुरुजी कोण आणि रंग कुठला? आणि ह्यांनी खरं सांगितलं असेल असं तुम्हाला वाटलं? अगं, माझे वडील ह्यांना बघायला दुकानात आले होते. महिन्याकाठी काय मिळतं म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, ‘काम असेल तर बोला’. लग्न मोडता मोडता राहिलं. तेच लिही. तिन्ही ठिकाणी तेच लिही.”

मी बाबांकडे बघितलं. त्यांना आठवत नव्हतं, पण त्यांना ते उत्तर फार आवडलेलं दिसलं. म्हणाले, बरोबर बोललो होतो. मी पहिल्या शिक्षकांच्या नावापुढे लिहिलं, काम असेल तर बोला. घरातल्या नावापुढे, काम असेल तर बोला. आवडता रंग, काम असेल तर बोला. डोळे मिटून बटण दाबलं.

स्वागत आहे, तेलकट.

सासूबाई परत मटार सोलायला लागल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढ्यासाठी मटार सांडले असते.

नवीन लॉगिनची नवीन कुकी निघाली. ह्या वेळी ती टूलला देताना बाबांची सगळी कलमं पाळली. दोन पानांच्या मधे वीस सेकंदांची विश्रांती. नमस्काराचीही सोय केली. टूल कामाला लागण्याआधी पडद्यावर ‘नमस्कार’ उमटवायचं, त्याचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता. पण एक तिढा राहिलाच. परत ती चौकट आली आणि हे तुम्हीच का म्हणून विचारलं, तर बाबा खोटं बोलणार नव्हते. मी समजावून थकले. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. ते म्हणाले, मी त्याच्या शेजारी बसतो. मी बसलेला असताना माझ्या नावाने काम झालं तर ते माझंच. दुकानात मी कोणाला पट्टा ओढायला लावला तरी मशीन कोणी दुरुस्त केलं म्हणतात?

साडेतीन दिवस बाबा टूलशेजारी बसले. सकाळी नऊला अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. जेवायला उठायचे तेव्हा मला टूल थांबवायला सांगायचे, जेवून आले की चालू करायला. मोरीत गेले तरी टूल थांबायचं. एकदा त्यांची दुपारची डुलकी लागली तर सासूबाईंनी मला हाक मारून सांगितलं, थांबव गं, हे हजर नाहीत. चौकट दुसऱ्या दिवशी एकदा आली. हे तुम्हीच करत आहात का? बाबांनी खुर्ची पुढे ओढली, टूलकडे एकदा बघितलं, आणि ‘हो’ दाबलं.

शेवटचं पान उतरलं तेव्हा साइट बंद व्हायला दोन तास उरले होते. पाच हजार दोनशे उत्तरं. मी ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसवून दिली, वर एक चौकोन, त्यात बिघाड टाइप केला की तेलकटाचं उत्तर समोर. दुपारी साइट गेली. बाबांनी विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या आठवड्यात ती शिंपीणबाई सांगितल्याप्रमाणे हजर झाली. टाका सुटतोय, ही तिची तक्रार. बाबांनी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, टाइप केलं, आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी आली. मला हाक मारली. मी खुर्च्या सोडून खाली आले.

“हा तेलकट कोण आहे गं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे एक मिस्त्री.

“माणूस जाणता दिसतोय. कालपासून वाचतोय मी ह्याला, बहुतेक ठिकाणी पक्कं सांगतो. पण इथे चुकलाय. ह्या मशीनला सुईची सपाट बाजू डावीकडे ठेवा म्हणतो. डावीकडे लांबड्या शटलच्या जुन्या मशीनला असते. ह्याला गोल बॉबिन आहे, ह्याची उजवीकडे. घाईत लिहिलं असणार.”

ते उठले आणि मशीनपाशी गेले. सुई काढली, फिरवून बसवली, स्क्रू आवळला, चिंधी घातली आणि चाक फिरवलं. मी वाकून बघितलं. टाके एकसारखे पडले होते, एकही सुटला नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी न वाचता मशीन दुरुस्त केलं होतं, आणि तेही लिहिलेलं खोडून. शिंपीणबाई मशीन घेऊन गेली.

मग ते मला म्हणाले, त्या उत्तराखाली दुरुस्ती लिहून ठेव, उद्या कोणी वाचलं तर फसेल. मी बसले आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. सपाट बाजू उजवीकडे. मग विचारलं, बाबा, दुरुस्ती कोणी केली म्हणून लिहू? तुमचं नाव घालू?

बाबांनी थोडा विचार केला.

“नको घालूस,” म्हणाले. “एवढी वर्षं लोकांना सांगत आलाय बिचारा. त्याला वाईट वाटेल.”